मधल्या घराला काही माहीत नसतं

आमच्याकडं ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य लाइट गेल्यासारखं म्हणतात. म्हणणारा ओशाळत नाही, ऐकणारा कारण विचारत नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत, तहसीलच्या खिडकीवर, सगळीकडं तेच. माणूस पिशवी उचलतो आणि उद्या परत येतो. नळदुर्गात मी दहा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास घेते आणि पहिल्याच आठवड्यात पोरींना बजावते की हे वाक्य आळशी माणसाचं आहे. सर्व्हर खरंच बंद आहे की आपलीच वायर निघाली आहे, हे आधी बघा. एवढं शिकवणारी मी, तेच वाक्य चार दिवस लागोपाठ म्हणत राहिले. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईची हाताशी आलेली नोकरी त्या चार दिवसांत गेली. सर्व्हर चारही दिवस व्यवस्थित चालू होता.

सुरुवात माझ्या लग्नापासून होते. ते मला सांगायला आवडत नाही, म्हणून लवकर उरकते. सासर सोलापूरला होतं. एका शुक्रवारी दुपारी सगळे दस्तरखानावर जेवायला बसलेले असताना नवऱ्यानं माझा फोन उघडला आणि मी नेटवर काय काय शोधलं त्याची यादी मोठ्यानं वाचायला घेतली. पाठदुखीवर घरगुती उपाय. शिक्षिकेची जागा, सोलापूर. सारखं रडू येण्याची कारणं. सोलापूरहून नळदुर्गला शेवटची बस किती वाजता. प्रत्येक ओळीला हशा पिकला, शेवटच्या ओळीला सगळ्यात मोठा. सासरे हसले, दीर हसले, नणंदेला तर ठसका लागला. त्या लोकांचा राग यायला मला नंतर बरीच वर्षं मिळाली. त्या क्षणी राग आला तो फोनचा. मी त्याला एकटीनं, कुणी नसताना विचारलं होतं, आणि त्यानं ते सगळं लिहून ठेवलं होतं. पुढं सहा महिन्यांनी मी नळदुर्गला परत आले, ती कायमची.

निनावी जाळ्याबद्दल मला कळलं ते त्यानंतर काही वर्षांनी, एका ऑनलाइन व्याख्यानात. जगभरातली साधी माणसं आपल्या घरातलं एखादं मशीन या कामाला फुकट देतात. तुम्ही नेटवर काही विचारलं की ती विचारणा सरळ न जाता अशा तीन घरांतून फिरून जाते. पहिल्या घराला कळतं की विचारलं कुणी, पण काय आणि कुठं ते कळत नाही. शेवटच्या घराला कुठं चाललंय ते कळतं, पण कुणाचं ते कळत नाही. मधल्या घराला दोन्हीतलं काहीच कळत नाही. ते एका हातानं घेतं आणि दुसऱ्या हातानं पुढं देतं. कुठल्याही घरात काही लिहून ठेवलं जात नाही, त्यामुळं दस्तरखानावर वाचून दाखवायला काही उरत नाही. व्याख्यान संपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते आणि मला हुंदका आला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी मधलं घर झाले. शेवटचं घर व्हायची हिंमत केली नाही, कारण बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो शेवटच्या घराचा, आणि त्यातून कुणी काही भलतंसलतं केलं तर पोलीस त्याच घरी येतात. मी बाई, मुसलमान, नवऱ्याला सोडून आलेली. एवढ्या गोष्टी गावानं आधीच माझ्या नावावर लावलेल्या होत्या, आणखी एक नको होती. क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मी आतल्या खोलीत कपाटाखाली ठेवला, त्यात ते सॉफ्टवेअर घातलं आणि तो रात्रंदिवस चालू ठेवला. अब्बांचं हायवेला सायकलचं दुकान होतं, त्यांनी दुकानापुढं दोन रांजण ठेवले होते. ट्रकवाले थांबायचे, पाणी पिऊन जायचे, अब्बांनी कुणाला नाव-गाव विचारलं नाही. हीसुद्धा तशीच सबील, तशीच पाणपोई आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि सांगताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. अब्बांनी रांजण दुकानापुढं ठेवले होते, घरातल्या नळाला गाव जोडलं नव्हतं, हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

अम्मी बाहेरच्या खोलीत फॉल-पिकोचं मशीन चालवते. तिला त्या आवाजाचा वैताग यायचा.

“ये डब्बा रातदिन कायकू गुरगुरताय?”

“लोकां के काम का है, अम्मी.”

“लोकां के काम का. और घर के?”

मी हसून विषय सोडला. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात एक सोय असते. भाकरी कच्ची राहिली म्हणून लष्कर कधी दारात भांडायला येत नाही.

आता माझी चूक सांगते. ती आपल्याकडचा शिकलेला माणूसच करू जाणे. त्या जाळ्याच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की ज्या लाइनवर तुमचं रोजचं घर चालतं, त्या लाइनवर हे ठेवू नका. कारण जाळ्यातल्या सगळ्या घरांचे नेटवरचे पत्ते उघड यादीत असतात. ते तसे असावेच लागतात, नाहीतर जाळं चालणार कसं. मग काही संकेतस्थळांचे राखणदार काय करतात, तर ती अख्खी यादी उचलतात आणि सरसकट सगळ्यांना दार लावून घेतात. पहिलं कोण, मधलं कोण, शेवटचं कोण, हे निवडत बसायला त्यांना सवड नसते. मी हे वाचलं, समजलं आणि ‘बघू’ म्हटलं. आमच्या गल्लीत फायबरची एकच लाइन आलेली होती. तीच क्लासला, तीच घराला, तीच कपाटाखालच्या डब्याला, आणि नेटवर तिघांचा पत्ता एकच. एकदा बँकेचं पान दोन दिवस उघडलं नाही, तेव्हा मी बँकेला शिव्या घातल्या आणि शाखेत जाऊन काम करून आले. डोळ्यांसमोर आलेलं दिसू नये, इतकी मी माझ्या पुण्यकर्मावर खूश होते.

या सगळ्यात एक बाई होती, जिच्यासाठी मी हे करते असं मला वाटायचं. आमच्या गल्लीत सुनेला तिच्या माहेरावरून ओळखतात, म्हणून हिला सगळ्या बायका ‘बेंबळीची’ म्हणायच्या. मीही तेच म्हणते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. माहेर मेंढपाळाचं. त्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली पहिली पोर ही, आणि गेली ती थेट धाराशिवला डी.एड. करून आली. मग नळदुर्गात लग्न झालं आणि प्रमाणपत्रं ट्रंकेत गेली. नवरा हैदराबादच्या बाजूला माल घेऊन जायचा. माणूस मारकुटा नव्हता, दारू पीत नव्हता, म्हणून गल्लीत त्याला चांगला म्हणत. घरी असला की संध्याकाळी बायकोचा फोन मागून घ्यायचा. “बघू, दिवसभर काय काय बघितलं,” असं हसत हसत म्हणायचा. सासू म्हणायची, सून शाळेत गेली तर भाकरी कोण थापणार.

ती पहिल्यांदा माझ्याकडं आली ती कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटसाठी. ते झाल्यावर एक दिवस रेंगाळली आणि खाली बघत म्हणाली, “आपा, फोनवर बघितलेलं कुणाला दिसू न्हाय, असं करता येतं का?” मला दस्तरखान आठवला. त्याच दिवशी मी तिच्या फोनमध्ये त्या निनावी जाळ्याचं ॲप घालून दिलं, ते कसं वापरायचं आणि कसं लपवायचं ते दाखवलं. ती काय बघत होती? शिक्षक भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका. बालमानसशास्त्राचे प्रश्न. नवरा रोज फोन बघायचा आणि त्याला रांगोळ्या, उपवासाचे पदार्थ एवढंच दिसायचं. या चोरीत मी सामील होते आणि मला त्याचा आनंद होता.

परीक्षेला ती ‘माहेरी जाते’ म्हणून गेली. वडिलांनी मेंढरं भावावर सोडली आणि पोरीबरोबर लातूरला गेले. केंद्राबाहेर झाडाखाली दिवसभर बसून राहिले. निकाल लागला, गुण चांगले आले. इतके की जागा मिळणार हे मला दिसत होतं. वयाच्या अटीत ती शेवटच्या वर्षी बसत होती, पुढची भरती निघेपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. आता एकच पायरी राहिली होती. संकेतस्थळावर जाऊन शाळांचा पसंतीक्रम भरायचा आणि तो लॉक करायचा. लॉक केला नाही तर गुण असूनही तुमचा विचार होत नाही.

“घरी कधी सांगणार?” मी विचारलं.

“हातात कागद आला की. नेमणुकीचा कागद बघितला की मानूस नरमतो, आपा. आदी सांगितलं तर कागदच यायचा न्हाय.”

पसंतीक्रम भरायला ती माझ्याकडंच येणार हे ठरलेलं होतं. फोन ती घरी चार्जिंगला लावून यायची, म्हणजे सासूला ती कुठं लांब गेली असं वाटायचं नाही. पिको करायला साडी आणायची, हे निमित्त.

मंगळवारी ती आली. मी पत्ता टाकला. चाक फिरायला लागलं. फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि मग पान उघडता येत नाही अशी ओळ आली. पुन्हा तेच. मी तिला म्हणाले, “सर्व्हर डाऊन असेल. सगळ्या जिल्ह्यातले लोक तुटून पडलेत. उद्या ये.” खात्री म्हणून माझ्या मोबाईलवर बघितलं, तिथंही चाक. उमरग्याला एक शिक्षक ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडं पण स्लो चाललंय. स्लो आणि बंद यात फरक असतो, हे मी पोरींना शिकवते.

बुधवारी ती दुसरी साडी घेऊन आली. तेच चाक. ती म्हणाली, “आपा, सकाळी मी फोनवर आपल्या त्या ह्याच्यातून बी बघितलं. तिथं बी उघडंना.”

“बघ. म्हणजे त्यांचंच बंद आहे,” मी म्हणाले.

माझ्याजवळ तीन साक्षीदार झाले. क्लासचा कॉम्प्युटर, माझा मोबाईल आणि तिच्या फोनमधलं निनावी जाळं. मला ते पुरेसे वाटले. कॉम्प्युटर डब्याच्याच लाइनवर होता. मोबाईल घरात शिरला की आपोआप त्याच वायफायला चिकटायचा. घरात वायफाय असताना डेटा कोण चालू करतं? आणि जाळं तर भरतीच्या संकेतस्थळाच्या राखणदारानं आधीच दाराबाहेर उभं केलेलं होतं. तिघेही साक्षीदार माझेच होते, आणि मी त्यांची उलटतपासणी केली नाही.

गुरुवारी तिचा चेहरा उतरलेला होता. “आपा, स्टँडवरच्या नेट सेंटरला जाऊ का? तिथं लोकं भरायलेत म्हनं.”

तिनं हे विचारलं. मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिते आहे, कारण माझ्यावरचा सगळ्यात मोठा आरोप हाच आहे. मी काय म्हणाले ते पण लिहिते.

“लोक काय, काही पण बोलतात. आणि तिथं तुझ्या नवऱ्याचा दोस्त बसतो की. संध्याकाळच्या आत घरी कळंल. सर्व्हरच बंद असल्यावर तो तरी काय करणार?”

“व्हय, ते बी हाय,” ती म्हणाली. पण उठली नाही. “उद्या शेवट हाय, आपा.”

“मुदतवाढ येते. आजवर कुठल्या भरतीला आली नाही, सांग.”

हे मी थट्टेत म्हणाले नाही. माझा त्यावर खरोखर विश्वास होता. आपल्याकडं शेवटची तारीख ही शेवटची नसते, तिला एक धाकटी बहीण असतेच. आजवर मी भरून दिलेल्या कितीतरी फॉर्मांना मुदतवाढ मिळाली होती.

शुक्रवारी ती चौथी साडी घेऊन आली. अम्मीनं साडी उलटीसुलटी केली आणि म्हणाली, “इसको तो फॉल-पिको हुआ हुआ है.” बेंबळीचीनं साडी तिच्याकडंच सरकवली. तिच्याकडच्या साड्या संपल्या होत्या. अम्मीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि साडी मशीनवर घेऊन जुनी शिलाई उसवायला लागली. घरात एवढं शहाणपण त्या दिवशी तिलाच होतं.

दुपारभर आम्ही दोघी चाकाकडं बघत बसलो. चार वाजता सासू देवळातून परत यायची, म्हणून तिला उठणं भाग होतं. जाताना तिनं ब्लाऊजमधून एक कागद काढला. लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला तिनं शाळांची नावं क्रमानं लिहिली होती, सुंदर, डी.एड.च्या अक्षरात. पहिल्या क्रमांकावर उमरगा तालुक्यातल्या एका वाडीची शाळा होती. मी विचारलं, हीच का? म्हणाली, तिथं बसनं जाऊन येता येतं, म्हणजे घरची भाकरी पण थापून होईल. सासूच्या भाकरीची सोय तिनं पसंतीक्रमात केली होती.

“तू जा. मी बसते. उघडलं की मी भरून लॉक करते,” मी म्हणाले.

मी बसले. मुदतीचं शेवटचं मिनिट गेलं तेव्हा माझ्या पडद्यावर चाकच फिरत होतं. कपाटाखालचा डबा त्या वेळी कुणाची ना कुणाची विचारणा घेऊन पुढं देत होता, अगदी सुरळीत. मुदतवाढ आली नाही.

शनिवारी सकाळच्या बॅचमध्ये मी चिडचिड करत भरतीवाल्यांचा उद्धार करत होते. एक पोरगी मागून म्हणाली, “मॅडम, माझ्या वैनीचं झालं की काल. स्टँडवर. दुपारच्याला.”

“उघडलं?”

“व्हय की. पाच मिनिटं लागली.”

मला वाटतं, मला तिथंच सगळं कळलं होतं, पण माणूस स्वतःला शेवटपर्यंत सवलत देतो. मी पोरींना टाइपिंग करायला सांगितलं आणि चपला घालून बाहेर पडले. हायवेकडं चालत गेले. टायरच्या दुकानापाशी मोबाईलचं वायफाय सुटलं. मी डेटा चालू केला आणि तोच पत्ता टाकला. पान झटक्यात उघडलं, नाव आणि पासवर्ड टाकायच्या रकान्यांसकट. वर लाल अक्षरांत एक पट्टी होती: पसंतीक्रम नोंदवण्याची मुदत संपली आहे. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जवळून जात होते आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ते पान बंद करत होते, उघडत होते. दर वेळी उघडत होतं. घरापासून तिथपर्यंत चालायला चार मिनिटं लागतात. चार दिवसांत मला ती चालायची सुचली नाहीत.

घरी येऊन मी डब्याची वायर ओढून काढली. क्लासच्या कॉम्प्युटरवर परत बघितलं, पान उघडलं नाही. कारण तुम्ही मशीन बंद केलं तरी यादीतला तुमचा पत्ता लगेच पुसला जात नाही, आणि ज्यांनी ती यादी उतरवून घेतलेली असते ते ती कधी बदलतात हे त्यांनाच ठाऊक. पुढचे दहा-बारा दिवस तो पत्ता तसाच होता.

मी भरतीच्या मदत क्रमांकावर फोन लावत राहिले. लागला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात कशाला? मी स्वयंसेवकांच्या मंचावर झालं ते सगळं लिहिलं, इंग्रजीत, व्याकरण तपासून. कुठल्या तरी थंड देशातल्या सज्जनानं उत्तर दिलं की ही बाब सूचनांमध्ये स्पष्ट नमूद आहे, झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं, आणि तुमच्या योगदानाबद्दल आभार. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. म्हणूनच मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं. खाली आणखी एकानं लिहिलं होतं की इतके महिने मशीन चालवल्याबद्दल मी आता एका टी-शर्टला पात्र आहे, पत्ता आणि माप कळवावं.

बेंबळीची सोमवारी आली. साडी नव्हती, तशीच आली. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, “तुमी काय करनार, आपा. सर्व्हरच डाऊन व्हता. माझंच नशीब फुटकं.” आणि माझ्या डोळ्यांत पाणी बघून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती मला समजावत होती. मी तिला चहा करून दिला. सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, नंतरच्या तीन आठवड्यांतही नाही. दुसऱ्यांची गुपितं सांभाळायची मला इतकी सवय झाली होती की माझं स्वतःचंही छान सांभाळलं गेलं. लाज वाटायची, पण लाज घेऊन माणूस जेवतो, झोपतो, क्लास घेतो. गल्लीतल्या बायका तर उलट मला मानायला लागल्या. बेंबळीचीनंच कुणाला तरी सांगितलं होतं की आपा माझ्यासाठी चार दिवस जागची हलली नाही. खरंच होतं ते. मी जागची हलले नव्हते.

तिच्या वडिलांनी घोंगडी पाठवली नसती तर मी अजूनही बोलले नसते. एका दुपारी ती मोठी पिशवी घेऊन आली आणि ती काळी घोंगडी माझ्या मांडीवर ठेवली. नवी कोरी, जाड, मेंढराचा वास असलेली. वडिलांनी स्वतःच्या मेंढरांची लोकर देऊन खास विणून घेतली होती.

“अण्णांनी दिलीया. म्हनले, काम झालं न्हाय ती गोष्ट निराळी. पर त्या बाईनं आपल्या पोरीसाठी जीव टाकला. परक्यात असं कोन करतंय.”

मी घोंगडी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. डबा, तीन घरं, यादी, राखणदार, टायरचं दुकान. सोपं करून सांगितलं, कारण मला ते येतं, पोटापाण्याचा धंदाच आहे माझा. ती न हलता ऐकत होती. अम्मीचं मशीन बाहेर थांबलं होतं.

“म्हंजी तुमच्या मोबाईलचा वायफाय बंद केला असता, तर?” तिनं विचारलं.

“उघडलं असतं.”

“आन् स्टँडवर गेले असते, तर?”

“झालं असतं.”

“तुमीच म्हनलात, जाऊ नको.”

“हो.”

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती कपाटाखाली वाकून त्या बंद डब्याकडं बघत होती. कुणी नवा प्राणी बघावा तसं, नीट, वेळ घेऊन.

“ह्याच्यातनं कुनाचं जायचं?”

“माहीत नाही.”

“बाया असतील? माझ्यासारख्या?”

“असतील. चोर पण असतील. मला दिसत नाही. मधल्या घराला काही कळत नाही.”

“म्हंजी माझं गेलं ते कुनापायी गेलं, हे बी तुमाला ठावं न्हाय.”

“मलाच काय, कुणालाच नाही,” मी म्हणाले. “ते तसंच बनवलेलं आहे.”

ती उठली. घोंगडीची घडी विस्कटली होती, ती तिनं गुडघ्यावर धरून पुन्हा घातली, कडा जुळवल्या.

“लई भारी बनवलंय मग,” ती म्हणाली, आणि घोंगडी परत पिशवीत भरायला लागली.